पेन टॅबलेट घेताना आकड्यांना भुलू नका

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांपैकी काहींना आता संगणकावर चित्रे काढण्याची ओढ लागते, आणि घरी पेन टॅबलेटची मागणी होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या गावी ही वस्तू हाताळून पाहण्याची सोय सहसा नसते. निवड होते ती जाहिरातीतील आकड्यांवरून, आणि पैसे जातात ते मात्र कपाशी-सोयाबीनच्या उत्पन्नातून. म्हणून हे आकडे आपण एकदा गणिताने तपासून पाहू.

प्रथम हे साधन चालते कसे? टॅबलेटच्या पृष्ठभागाखाली तारांची जाळी असते. ती ठरावीक कंप्रतेचे विद्युतचुंबकीय संकेत सोडते. पेनमध्ये तारेचे वेटोळे व धारित्र असते. रेडिओ जसा एखाद्या स्टेशनाशी जुळतो, तसे हे मंडल त्या संकेताशी जुळून अनुस्पंदन पावते आणि उलट संकेत पाठवते. त्यावरून पेन कोठे आहे ते कळते. टोकावर दाब पडला की कंप्रता किंचित बदलते, त्यावरून दाब कळतो. अशा पेनला बॅटरी लागत नाही.

आता पहिला आकडा. जाहिरात म्हणते, 'इंचाला 5080 रेषा'. समजा, टॅबलेटची कामाची जागा 6 इंच रुंद आहे आणि पडद्यावर आडवे 1920 बिंदू आहेत. म्हणजे इंचामागे बिंदू आले 320. टॅबलेट त्याच्या जवळजवळ सोळापट बारीक मोजतो, पण पडदा ते दाखवणार कसे? 1964 साली अमेरिकेत रँड संस्थेने तयार केलेल्या टॅबलेटची जाळी इंचाला 100 रेषांची होती, आणि त्यावर हाताने लिहिलेली अक्षरे संगणक ओळखू शके.

दुसरा आकडा दाबाच्या पातळ्यांचा. कोणी 8192 सांगतो, तर कोणी 16384. नेहमीच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या छटा असतात 256. म्हणजे एका छटेमागे 32 किंवा 64 पातळ्या आल्या. हा फरक डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी जादा पैसे मोजणे मला मुळीच पटत नाही.

मग पाहावे काय? घरी संगणक नसेल, तर टॅबलेट आपल्या मोबाइलवर चालतो का, हे आधी विचारावे. मोबाइलला जोडल्यावर काही टॅबलेटांचा थोडाच भाग कामी येतो, तेही विचारावे. पेन बॅटरीविना चालावे आणि झिजणारी टोके सुटी मिळावीत. पडद्यासह येणारा टॅबलेट अनेक पटींनी महाग असतो. नवशिक्याला पडदा नसलेला लहान टॅबलेट पुरतो आणि तो दोन ते चार हजार रुपयांत मिळू शकतो. हात खाली व नजर वर, हे प्रथम अवघड वाटते खरे, पण सरावाने जमते. संगणकावर चित्र काढण्यासाठी 'क्रिटा'सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या संगणक कक्षात असा एक साधा टॅबलेट ठेवावा आणि तो मुलांना आळीपाळीने वापरू द्यावा. महिनाभराने ज्याची ओढ टिकेल, त्याच्या वडिलांना खर्चाचा सल्ला निर्धास्तपणे देता येईल. आणि मुलांनो, तोपर्यंत पेन्सिल खाली ठेवू नका. टॅबलेट हाताचा दाब मोजतो, पण हाताला वळण लावत नाही. अंबाबरव्याच्या डोंगरांची कड कागदावर नीट उतरू लागली, की ती पडद्यावर उतरायलाही फार वेळ लागणार नाही.