प्रतिभा आणि अभ्यास

मराठी समीक्षेला विजेचे फार वेड आहे. साहित्याचा इतिहास शिकवताना आपण बहुधा स्फोटांचीच यादी देतो: अमक्याने परंपरा मोडली, तमक्याने नवे युग आणले. मोडण्यापूर्वी तो किती वर्षे काय गिरवीत होता, हे सांगायला तासिका पुरत नाही. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिघांचा मिळून एकच काव्यहेतू मानला. तीन सुटे हेतू नव्हेत. आम्ही मराठीच्या मंडळींनी त्यांतली शक्ती तेवढी उचलली आणि अभ्यास परीक्षेपुरता ठेवला.

या संदर्भात आम्हांला साहित्याबाहेरचे एक उदाहरण पुनःपुन्हा आठवते. ते 1982 साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तेथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. लहान मुले न्यूमोनियाने दगावत होती. रोगाची खूण सोपी: मूल मिनिटाला किती श्वास घेते. पण मोजणार कोण? गावातल्या कित्येक सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. त्यावर जे उपकरण निघाले ते मुलांच्या मणिपाटीसारखे दिसते. सोबत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया.

यात नवे काय? मणी जुने, वाळू जुनी, दहापर्यंतची मोजणी तर त्या बाईच्या ओठांवरचीच. नवी आहे ती जुळणी. तिला काय येत नाही याची खंत करीत न बसता तिला काय येते तेथून विचार सुरू झाला. आम्ही याला निःसंकोचपणे सर्जन म्हणतो.

पुढे 39 गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला, तोही असाच पायरीपायरीने. 1993 पासून आधी प्रशिक्षण आणि नोंदी: किती जन्म, किती मृत्यू, कशाने. 1995 पासून आरोग्यदूतांच्या घरभेटी. 1996 मध्ये जंतुसंसर्गावर इंजेक्शनसह उपचार. त्यानंतर मातांचे आरोग्यशिक्षण. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. 2011 पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा देशव्यापी कार्यक्रम निघाला, त्यामागे हाच अनुभव होता.

'लहान पावले' हे भित्रेपणाचे गोंडस नाव ठरू शकते, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण वरच्या क्रमातली एक पायरी लहान नाही. गावातल्या, जेमतेम शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शनची सुई देणे हे वैद्यकाच्या शिष्टसंमत रीतीला धक्का देणारे होते. धाडस तेथे होतेच. फक्त ते पहिल्या पानावर नव्हते. नोंदींच्या वह्या भरल्यावर ते आले, म्हणून टिकले.

त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवले. हा 'अभ्यास' मम्मटाच्या अभ्यासाहून फार दूरचा नसावा. अभ्यासगटात समजून घ्यायचे, निर्णय करायचा तो ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. ही रीत संथ, कधी कंटाळवाणीही असणार. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. वृत्तपत्रांत त्या समारंभाचे छायाचित्र झळकले. त्याआधीच्या बैठकांचे छायाचित्र कोण कशाला छापेल!

वाङ्मयात तरी वेगळे काय घडले? जात्यावरची ओवी, ग्रंथातली ओवी, मग अभंग: चरण थोडा लांबला, यमकाची जागा सरकली, मोजमाप सैल झाले आणि पुन्हा बांधले गेले. कोणा एका रात्रीचे हे काम नव्हे. आमच्या प्रश्नपत्रिकांत मात्र 'मराठी कवितेतील क्रांतिकारक वळण स्पष्ट करा' हा प्रश्न ठरलेला असतो. दळता दळता एखादा शब्द बदलून पाहणाऱ्या बायांवर दहा गुणांचा प्रश्न आल्याचे अद्याप आमच्या पाहण्यात नाही.