ब्लॅकबर्नचा पोरगा आणि आपलं कुलूपबंद मैदान

मंडळी, आज राजकारण नाही. आज फुटबॉल. हसू नका, फिरून नायगावावरच येणार आहे.

पोल्ट्री करणाऱ्यांना 'वेंकीज' हे नाव वेगळं सांगायची गरज नाही. कंपनी पुण्याची, राव कुटुंबाची. या कोंबडीवाल्या कंपनीनं नोव्हेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाचा फुटबॉल क्लब विकत घेतला, हे मात्र आपल्याकडं फार थोड्यांना माहीत आहे. क्लब साधासुधा नाही. 1875 चा. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संघांपैकी एक, आणि 1995 चा प्रीमियर लीग विजेता. गाव मात्र लहान, कापडगिरण्यांवर जगलेलं. शेजारच्या डार्वेनला 1931 मध्ये गांधीजी गेले होते. आपल्या स्वदेशीमुळं तिथल्या गिरणी कामगारांची कामं गेली होती, त्यांना भेटायला. पुढं गिरण्या बंदच पडल्या. नांदेडची उस्मानशाही मिल आठवा, तसंच काहीसं.

तिथले लोक पुण्याच्या मालकांवर खूश नाहीत. 2012 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्या सामन्यात कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळून जिवंत कोंबडीच मैदानात सोडली होती. 2017 मध्ये संघ आणखी एक पायरी घसरला, वर्षभरानं परत वर आला. पण या सगळ्या गोंधळात एक गोष्ट चालू राहिली. लहान पोरांची अकादमी.

त्या अकादमीत सहाव्या वर्षी एक पोरगं आलं. ॲडम व्हार्टन. जन्म 6 फेब्रुवारी 2004, गाव ब्लॅकबर्नच. थोरला भाऊ स्कॉट, तोही त्याच अकादमीतला. ॲडमला सहा वर्षं पूर्ण झाली ते साल 2010, म्हणजे रावांनी क्लब घेतला तेच. ऑगस्ट 2022 मध्ये अठराव्या वर्षी तो मोठ्या संघाकडून पहिला सामना खेळला. 2024 च्या सुरुवातीला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसनं त्याला घेतला, सुरुवातीची रक्कम 1 कोटी 80 लाख पौंड. आपल्या पैशात जवळपास 190 कोटी. चार महिन्यांनी, जून 2024 मध्ये, तो इंग्लंडकडून बोस्नियाविरुद्ध उतरला. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेच्या संघातही होता. तिथं एक मिनिटही खेळायला मिळालं नाही, बाकावर बसून परत आला. मग कंबरेखालच्या दुखण्याचं ऑपरेशन, काही महिने बाहेर. आणि 17 मे 2025 ला एफए कपची फायनल. क्रिस्टल पॅलेसनं मँचेस्टर सिटीला 1-0 नं हरवलं. पॅलेसच्या इतिहासातला तो पहिला मोठा चषक, आणि व्हार्टन सुरुवातीपासून मैदानात.

आता हा पोरगा करतो काय? गोल फारसे करत नाही. तो मिडफिल्डर, मधल्या फळीतला. आपल्या भाषेत सांगायचं तर लग्नाच्या पंगतीत एक माणूस असतो बघा, स्वतः काही वाढत नाही, पण कोणत्या ओळीत वरण संपत आलंय, कुठं भात जायला पाहिजे, हे आधीच बघून ठेवतो. तो माणूस नसला की पंगत बसते, पण कोणाला बुंदी तीनदा, कोणाला काहीच नाही. व्हार्टनचं काम ते. चेंडू पायाशी येण्याच्या आधीच त्यानं मान फिरवून बघितलेलं असतं की पुढं कोण मोकळा आहे. डाव्या पायानं एक पास, आणि समोरचे तीन गडी बाद. पायात वेग सहा महिन्यांत आणता येतो, हे बघणं मात्र सहा महिन्यांत येत नाही. त्याला दहा-बारा वर्षं रोज मैदान लागतं आणि बाजूला उभा राहून 'आधी बघ, मग घे' असं हजार वेळा सांगणारा माणूस लागतो.

आता आपल्याकडं या.

पहाटे पाचला नरसीकडं जाणाऱ्या रस्त्यावर या एकदा. पोरं पळत असतात. फुटबॉलसाठी नाही, पोलीस भरतीसाठी. सोळाशे मीटर. एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं ट्रॅव्हल्स. एका पोराला विचारलं, "अरे, रस्त्यावर कशाला पळायलाव? शाळेचं ग्राउंड आहे की." म्हणाला, "सर, गेटला कुलूप असतंय. आन् एका बाजूला खडीचा ढीग टाकलाय." मुलींना तर रस्ताही नाही. आठशे मीटर त्यांनाही पळावं लागतं, पण अंधारात हायवेवर कोणता बाप पाठवेल?

मला या पोरांचं कौतुकच आहे. भरती झाली तर घर उभं राहतं, हे मला कोणी शिकवू नये. पण आपल्याकडं खेळ म्हणजे एवढंच उरलंय. अठराव्या वर्षी पळायला सुरुवात करायची आणि कटऑफ लागला की थांबायचं. आठ वर्षांच्या लेकराला संध्याकाळी कुठं सोडायचं, याचं उत्तर तालुक्यात कोणाकडंच नाही.

15 सप्टेंबर 2017 आठवतो का? पुढच्या महिन्यात भारतात सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्डकप होता. त्यानिमित्त सरकारनं ठरवलं की एकाच दिवशी राज्यात दहा लाख मुलं फुटबॉल खेळणार. शाळाशाळांत चेंडू वाटले. एका शाळेतल्या कार्यक्रमाची बातमी मीच केली होती. पाहुण्यांनी नारळ फोडला, चेंडूला पाय लावला, फोटो झाला. मागं दोनशे पोरं रांगेत बसलेली, टाळ्या वाजवायला. मथळाही मीच दिला, 'नायगावात फुटबॉल फिव्हर'. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी त्या शाळेत गेलो तर चेंडू कपाटात, पिशवीसकट. गुरुजी म्हणाले, "साहित्याची नोंद आहे हो, फुटला तर उत्तर कोणी द्यायचं?" मी हसलो आणि चहा पिऊन निघालो. त्याची बातमी केली नाही. ती करायला पाहिजे होती.

त्या वर्ल्डकपच्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राचा अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा, जन्म 2000 चा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. तो पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा संघांकडून खेळला. मार्च 2022 मध्ये आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघात तो होता. आणि गंमत बघा, हा अनिकेत मध्यंतरी तीनेक महिने सरावासाठी कुठं गेला होता? ब्लॅकबर्न रोव्हर्सला! तेच मैदान, तेच मालक. एकाला तिथं तेरा-चौदा वर्षं मिळाली, दुसऱ्याला तीन महिने. मग कोणी म्हणतं, आपल्या पोरांत दमच नाही.

अनिकेत कोल्हापुरातूनच का आला, यवतमाळ किंवा नांदेडातून का नाही, याचंही उत्तर सोपं आहे. तिथं पेठेपेठेत तालीम मंडळं आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने बघायला अख्खं शहर लोटतं. वेळप्रसंगी मारामारीही होते, ते सोडा. पण लेकराला पहिल्यांदा चेंडू दिसतो तो गल्लीत, कपाटात नाही.

"मराठवाड्यात पाण्याचे वांधे, तुम्ही फुटबॉल काय घेऊन बसलात," असं कमेंटमध्ये येणारच. म्हणून आधीच सांगतो. नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरु गोबिंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा वर्षानुवर्षं होते, देशभरातून संघ येतात. तेही मराठवाड्यातच. मैदान राखलं, माणसं टिकली, खेळ टिकला. आणि पैसा नाही हे तर सांगूच नका. डिसेंबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून 21 कोटींपेक्षा जास्त रक्कम एका कंत्राटी कर्मचाऱ्यानं वळवल्याचा गुन्हा दाखल झाला. पैसे होते म्हणूनच वळवता आले ना?

मला नायगावातून व्हार्टन काढायचा नाही. इंग्लंडमध्येसुद्धा अकादमीत गेलेली बहुतेक पोरं शेवटी दुसरंच काम करतात. माझं मागणं लहान आहे. संध्याकाळी पाच ते सात शाळांच्या मैदानांची कुलपं उघडी ठेवा. सभा आणि लग्नाच्या मांडवासाठी मैदान देता, मग खिळे आणि खड्डे बुजवून परत घ्या. तालुक्याला एक तरी पगारी क्रीडा मार्गदर्शक नेमा, जो दुसऱ्या कामाला जुंपला जाणार नाही. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न मी विचारणार आहे, आणि उत्तरं नावासकट इथंच टाकणार आहे.

तोवर एक काम तुम्ही करा. 2017 चा तो चेंडू ज्यांच्या शाळेत अजून आहे, त्यांनी फोटो काढून खाली टाका. बरबडा, कुंटूर, नरसी, कुठलीही शाळा चालेल. हवा भरायचा पंप माझ्याकडं आहे, मी घेऊन येतो.