गंधावाचून रांगोळी

दिल्लीच्या सरकारी वसाहतींत दारापुढे छापील प्लॅस्टिकची रांगोळी चिकटवून, वर ‘आकृती तीच ना?’ असे विचारणारे आमचे बांधव पुष्कळ आहेत. त्यांस आमचे निक्षून सांगणे आहे की, आकृती केवळ डोळ्यांनी स्मरणात राहत नाही. दृष्टीचा संदेश मेंदूतील थॅलॅमसच्या टेबलावरून पुढे जातो. गंधाचा मात्र भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे थेट पोचतो. म्हणूनच ओल्या सारवणाचा वास येताच आमच्या मनात ठिपके जुळतात, गोपद्मे उमटतात. येथे शेण दुर्मिळ असेल. पण कुंडीतली मूठभर माती कालवून उंबऱ्यापुढे हात फिरवायला कोणाची मंजुरी लागते? मुलांपुढे निर्गंध नक्षी ठेवायची आणि ‘त्यांना आपले काही आठवत नाही’ म्हणून हळहळायचे, हा शुद्ध दांभिकपणा होय!