लासलगावच्या कांद्यावर गॅमा किरण का मारतात? आणि डोस मोजतात कसा?

'रेडिएशन मारलेला कांदा' हे शब्द वाचूनच अनेक जण दचकतात. पण भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' हे विकिरण केंद्र नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ पासून आहे. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला गेला, तोही इथूनच विकिरण होऊन.

मग कांद्यात नेमकं काय होतं?

कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यातून आरपार जातात आणि जाताना रेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. कांद्यात बहुतेक पाणीच असतं. ते पाण्याचे रेणू तुटतात आणि त्यांचे तुकडे, म्हणजे फ्री रॅडिकल, कोंबाच्या पेशींतला डीएनए बिघडवतात. काही किरण तर थेट डीएनएच तोडतात. पेशींचं विभाजन थांबतं, कोंब फुटत नाही. कांदा स्वतः मात्र किरणोत्सर्गी होत नाही. तेवढी ऊर्जा या किरणांत नसते. एक्स-रे काढून आलेला माणूस तरी कुठे होतो?

यासाठी साधारण ६० ते ९० ग्रे डोस लागतो. एक किलो वस्तूने एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला एक ग्रे. गंमत म्हणजे ६० ग्रेने कांद्याचं तापमान ०.०२ अंशानेही वाढत नाही. तरीही माणसाच्या अख्ख्या शरीरावर ४-५ ग्रे एकदम पडले तर जीव जाऊ शकतो. घात उष्णता करत नाही, तुटलेले रेणू करतात.

म्हणूनच डोस मोजायलाही रसायनच वापरतात. फेरस सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणावर किरण पडले की फेरसचं फेरिक होतं. किती झालं, हे त्यातून अतिनील प्रकाश सोडून मोजायचं. याला फ्रिकी डोसिमीटर म्हणतात. मालात बाहेरच्या बाजूला डोस जास्त, आत कमी पडतो, त्यामुळे एकाच जागी मोजून भागत नाही.

आता खरा प्रश्न. विकिरण कोंब थांबवतं, सड नाही. पावसात भिजलेला, मार लागलेला कांदा चाळीत सडणारच. शिवाय काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच विकिरण करावं लागतं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने राखीव साठ्यातल्या १ लाख टन कांद्यासाठी ही योजना मांडली, अर्थसंकल्पात ५० विकिरण युनिटना मदतही जाहीर केली. पण हा साठा भाव चढले की बाजारात येतो. टिकलेल्या कांद्याने ग्राहकाला दिलासा मिळेल. चाळीत माल धरून बसलेल्या निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला तोच कांदा भाव पाडताना दिसेल.