सुट्टी साऱ्या घराची



हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतील. नव्या वह्यांना कव्हरं चढली असतील आणि अंगणातलं वाळवण पावसाच्या भीतीने आत आलं असेल. शाळा उघडली की आम्ही शिक्षक मुलांना एक निबंध हमखास देतो : 'मी सुट्टी कशी घालवली'. गेली वीस वर्षं मी हे निबंध तपासते आहे. मुलगे लिहितात : पोहलो, आंबे पाडले, क्रिकेट खेळलो, मामूंकडे गेलो. मुली लिहितात : मेहमान आले, अम्मीला मदत केली, धाकट्या भावाला सांभाळलं, मेंदी काढली. मुली लिहिण्यात कमी पडत नाहीत, पण त्यांच्या निबंधात उंबरठ्याबाहेरचं फारसं काही येत नाही. आणि त्यांच्या आयांना तर सुट्टीबद्दल कुणी विचारतच नाही.

म्हणून या महिन्यात आमच्या घरच्या उन्हाळ्याची हकीकत सांगते. त्यातलं एखादं तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

आमचं घर मुरूड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. किनाऱ्यावरच्या घरात मे महिन्यात मेहमान येणार, हे ठरलेलंच. यंदा मुंब्र्याहून आपा, म्हणजे माझी मोठी नणंद, तीन मुलांना घेऊन आल्या. कुवेतहून मोठे दीर आणि भाभी, त्यांची दोन मुलं. आमची सहा माणसं धरून घरात चौदा जण आणि मुक्काम अठरा दिवसांचा. तांदळाच्या भाकऱ्याच मोजायच्या तर रोज पन्नासच्या वर! मेहमान यायच्या आधीच आठवीतल्या माझ्या लेकीने विचारलं, "अम्मी, सगळे आल्यावर मी खेळायला जायचं की भांडी घासायची? ते आत्ताच सांग."

प्रश्न सरळ होता आणि उत्तर एकटीने देण्यासारखं नव्हतं. पहिल्याच रात्री इशानंतर सगळी पडवीत बसली तेव्हा मी तो तसाच सर्वांपुढे ठेवला. कामांची यादी केली : पाणी भरणं, दस्तरखान अंथरणं, ताटं उचलणं, भांडी, अंगण झाडणं, बाजार. सात मुलांच्या जोड्या पाडल्या, सर्वांत धाकटी तिसऱ्या जोडीत. मुलगा-मुलगी न पाहता पाळ्या लावल्या. आपांना ते जरा खटकलं. "मुलग्यांच्या हाती भांडी? शेजारीपाजारी काय म्हणतील?" त्या हळूच म्हणाल्या.

उत्तर अब्बाजींनी दिलं. माझे सासरे उभी हयात जहाजावर भंडारी होते. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना सांगायला नको, भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी खलाशांचं जेवण रांधलं, पातेली घासली. त्यावरच तुम्ही सगळे वाढलात. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, आता काय म्हणणार?" त्यानंतर कुणी काही बोललं नाही. कुवेतच्या पंधरा वर्षांच्या पुतण्याने दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कढई घासली. तेल निघेना तेव्हा अब्बाजींनीच त्याला चुलीतली राख कशी वापरायची ते दाखवलं.

दुसरं ठरलं ते जेवणाचं. दुपारी एकच मोठं जेवण : भात, मासळीचं सालन, भाकरी. रात्री पेज किंवा खिचडी, सोबत लोणचं आणि भाजलेला सुका बोंबील. मेहमानांना रोज दोन वेळा बिर्याणी हवी असते, हा आपलाच समज असतो. परदेशातून आलेल्या भाभींना सर्वांत आवडली ती पेज.

या दोन गोष्टींमुळे सकाळ मोकळी झाली. मे महिन्याचं ऊन दहानंतर सोसत नाही, म्हणून फजरनंतर निघायचं आणि दहाच्या आत घरी, हा नियम. एका सकाळी आम्ही फणसाडच्या जंगलात गेलो. मुरूडच्या नवाबांचं हे एकेकाळचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य आहे. सुपेगावच्या बाजूने आत शिरलं की गर्द झाडी लागते. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात जनावरं तिथेच येतात, म्हणून आवाज न करता बसायचं. अर्ध्या तासाने वर फांदीवर शेकरू दिसलं. तांबूस-तपकिरी, लांब झुबकेदार शेपटीचं, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, झाडावरून झाडावर उडी घेतं. म्हणून झाडांचं छत तुटलं की त्याचा रस्ताच तुटतो. पाचवीतल्या माझ्या मुलाला हे पुस्तकात पाठ होतं. त्या दिवशी ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला. पावसाळा लागला की या होड्या बंद होतात, तेव्हा मे महिना हीच शेवटची संधी. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण जवळ जाईपर्यंत तो तटात कुठे आहे ते कळतच नाही. होडी लाटेवर हलत असते आणि पायरीवर पाऊल टाकायचं असतं. नावाडी हात देईल तेव्हाच उतरायचं, असं मुलांना आधीच बजावलं होतं. आत कलालबांगडी तोफ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या राखला, 1948 साली त्यांचं संस्थान भारतात विलीन झालं. आपा याच गावच्या लेकी, पण किल्ला त्यांनी लग्नाआधी एकदाच पाहिला होता. "प्रत्येक सुट्टीत माहेरी येते, पण किल्ला राहूनच जायचा. पोरं आणि त्यांचे अब्बा जायचे, आम्ही मागे जेवण करायचो," असं त्या होडीत म्हणाल्या.

आता समुद्राबद्दल. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना पाण्याची ओळख असते, मेहमानांना नुसता मोह असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या दिरांची रजा संपत आली होती. एका दुपारी साडेतीनला ते मुलांना घेऊन, टायरची ट्यूब आणि चेंडू घेऊन समुद्रावर निघाले. पडवीतून अब्बाजींनी विचारलं, "आज चांदाची तारीख काय?" कुणीतरी म्हणालं, "चौदा." "मग आज पाण्यात उतरायचं नाही," अब्बाजी म्हणाले. दीर नाराज झाले. मुलांचे चेहरे पडले. दोन वर्षांनी घरी आलेल्या मुलाला नको म्हणणं बापाला सोपं नव्हतं, पण ते हलले नाहीत. त्यांनी मुलांनाच पुढे बसवलं आणि हिशेब करायला लावला.

हिशेब असा. कोकणातले जुने लोक तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. आपल्या घरात चांदाची तारीख माहीत असते. चांद अमावास्येनंतर एखाद-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते. चौदात एक मिळवला, झाले पंधरा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साडेअकरा-बाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली. तिथून सुमारे सहा तास पाणी उतरत जाणार. साडेतीनला ते जोरात मागे खेचत असतं. त्यात पौर्णिमा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. भरती नेहमीपेक्षा वर चढते, ओहोटी नेहमीपेक्षा खाली जाते, आणि पाण्याचा ओढाही तेवढाच वाढतो. उलट चांदाच्या सात-आठ तारखेला आणि एकवीस-बावीसला भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

तारीख पंधराच्या पुढे गेली तर बेरजेतून पंधरा वजा करायचे. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. हा केवळ अंदाज आहे. बंदराबंदरात फरक पडतो, म्हणून उतरण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना विचारावं हे उत्तम. मला मात्र शिक्षिका म्हणून मौज वाटली. अब्बाजींना पाऊणकी अजून पाठ आहे, आणि सातही मुलांनी त्या संध्याकाळी ती म्हणून पाहिली.

मग आम्ही सहा वाजता समुद्रावर गेलो, पूर्ण ओहोटीला. एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडले होते. खडकांना चिकटलेली कालवं, डबक्यांतले इवले मासे, दुसऱ्याच्या शंखात घर करून पळणारे खेकडे, सगळं मुलांनी वाकून वाकून पाहिलं. अंधार पडायच्या आत परत निघालो तेव्हा डोंगराच्या बाजूने चांद वर येत होता. दीर एवढंच म्हणाले, "अब्बा, उद्याची भरती कधी ते आताच सांगून ठेवा." मेहमानाला हवं ते देणं ही जशी खातिरदारी, तसं धोक्याच्या वेळी नाही म्हणणं ही सुद्धा खातिरदारीच. यजमानाला संकोच वाटतो म्हणून कुणाचं मूल पाण्यात जाऊ नये.

आणि कुणी पाण्यात सापडलंच, तर ज्याला पोहता येत नाही त्याने मागोमाग उडी घेऊ नये. दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्यूब, जे हाती असेल ते फेकावं, ओरडून माणसं गोळा करावीत आणि 112 ला फोन करावा. अशी एक दोरी आणि कॅन आम्ही रोज सोबत नेत होतो.

शेवटची गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जवळची. आमच्या वाडीत सुपारीला पाणी द्यायचा मोठा हौद आहे, छातीभर पाण्याचा. फजरनंतरचा एक तास तो फक्त बायका-मुलींचा, असं ठरलं. शिकवायला अब्बाजींची धाकटी बहीण, वय 66. लहानपणी ती भावांबरोबर खाडी पोहून जायची. तिने आधी हातपाय मारायला शिकवलंच नाही. उताणं पडून, कान पाण्यात जाऊ देऊन, शांत तरंगायला शिकवलं. "बुडणारा घाबरून बुडतो. तरंगता आलं की मदत येईपर्यंत जीव तग धरतो," असं ती सांगायची. कपड्यांचा नियमही तिचाच : अंगाबरोबरची सलवार आणि आखूड कुर्ता. ओढणी, बुरखा, घेरदार कपडे पाण्यात नकोत, ते भिजून जड होतात आणि हातापायांत अडकतात.

आठ दिवसांत माझी लेक तरंगू लागली. आपांच्या दोन्ही मुलीही. आणि नवव्या दिवशी भाभी उतरल्या. चव्वेचाळीस वर्षांच्या भाभी, पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात. फुफीने मानेखाली हात धरला होता. तो तिने कधी काढून घेतला ते भाभींना कळलंच नाही. बाहेर आल्यावर त्या हौदाच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिल्या. "तिकडे घरासमोर समुद्र आहे. वीस वर्षं खिडकीतून बघतेय," एवढंच बोलल्या. आता फोनवर त्यांनी कळवलं आहे की तिथे बायकांसाठी राखीव वेळ असलेला तलाव त्यांनी शोधला आहे.

बहिणींनो, या सगळ्याला पैसा फारसा लागला नाही. एसटीत 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, हौद घरचा, समुद्र सर्वांचा. लागली ती कामाची वाटणी. घरातली बाई मोकळी झाल्याशिवाय मुलगी मोकळी होत नाही, आणि पुरुषांनी व मुलग्यांनी हात लावल्याशिवाय बाई मोकळी होत नाही. मेहमान म्हणून जाल तेव्हाही हे लक्षात ठेवा. ज्या घरी उतराल तिथल्या भाभीला, वहिनीला एक सकाळ स्वयंपाकघरातून सोडवून सोबत घेऊन चला. मिठाईच्या डब्यापेक्षा ही भेट तिला जास्त दिवस पुरेल.

पुढची सुट्टी दिवाळीची. तोवर पाऊस ओसरेल, रानं हिरवी असतील. कुठे जायचं हे ठरवण्याआधी घरी सगळे मिळून बसा आणि कोण काय काम करणार ते ठरवा. यादी लिहिण्याचं काम घरातल्या मुलीकडे द्या.

खुदा हाफिज.