निवडीचा आखाडा: खाशाबांना दाद कोणाकडे मागावी लागली?

मुळशी म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. उरलेल्यांना एक चित्रपट आठवतो. आज या दोहोंविषयी काही नाही. आजचा विषय कुस्तीच्या अंगाने जाणारा आहे: मैदानात कोण उतरणार, हे ठरवते कोण, आणि त्याला जाब कोण विचारणार? धागा लांबणार आहे, सवडीने वाचा.

निमित्त घरचेच. गेल्या हिवाळ्यात माझ्या मामेभावाने कबड्डीच्या एका निवड चाचणीत दोन दिवस घाम गाळला. तिसऱ्या दिवशी भिंतीवर बारा नावांची यादी लागली. तिच्यात गुण नव्हते, निवडणाऱ्यांची नावे नव्हती; ‘समितीचा निर्णय अंतिम राहील’ एवढे एकच वाक्य होते. तो निवडला जायलाच हवा होता, असा माझा दावा नाही. मी त्याची बहीण. माझी साक्ष बाद समजा. परंतु आपण नेमके कशात कमी पडलो, हे त्याला आजही ठाऊक नाही, आणि हे मात्र मला सोडवत नाही.

आमच्या तालुक्यात निवडीची याहून जुनी एक रीत आहे. गावच्या यात्रेत दुपार कलली की फड भरतो, हलगी कडाडू लागते, आणि मल्ल लाल मातीच्या कडेने फिरू लागतात. कोणाची जोड कोणाशी लावायची, हे पंच नजरेने ठरवतात. वजनकाटा नाही, गुणतक्ता नाही. आधुनिक मापाने पाहिले तर ही पद्धत सर्वस्वी मनमानीची. तरीही तिच्यात एक गोष्ट आहे, जी त्या भिंतीवरच्या यादीत नव्हती: सारे उघड्यावर चालते. जोड विजोड वाटली तर भोवतीचे प्रेक्षक तिथल्या तिथे ओरडतात, वस्ताद पुढे येऊन हरकत घेतात, आणि पुष्कळदा पंचांना जोड बदलावी लागते. पंच कोण आहेत हे तर साऱ्या गावाला ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच पारावर बसायचे असते.

आता खाशाबा जाधवांकडे वळू. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढे शालेय पुस्तकाइतके सर्वश्रुत आहे. कमी बोलले जाते ते हेलसिंकीच्या आधीचे प्रकरण.

खाशाबांच्या चरित्रात्मक लेखनात ते साधारणपणे असे येते. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध पंचांनी खाशाबांना एक गुण कमी दिला आणि त्यांचे नाव मागे पडले. खाशाबांनी तो निकाल मानला नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा मिळवली. हा वृत्तांत मुख्यतः खाशाबांच्या बाजूने सांगितला गेला आहे, त्यामुळे पंचांच्या हेतूविषयी मी निवाडा देणार नाही. शिवाय निरंजन दासही हेलसिंकीला गेले होते, वेगळ्या वजनगटात. त्यांना खलनायक ठरवणारी कथा मला आळशी वाटते.

माझे लक्ष वेधते ते दुसरेच. दाद मागितली कोणाकडे? पतियाळाचे यादवींद्रसिंह तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते, हे खरे. पण कथेत ते अध्यक्ष म्हणून येत नाहीत. खेळाची कदर असलेला राजा म्हणून येतात. म्हणजे प्रजासत्ताक स्थापन होऊन दोन वर्षे झालेल्या देशात एका मल्लाला न्याय मिळाला, तो दरबारात फिर्याद न्यावी तसा. राजा खेळाचा शौकीन निघाला म्हणून बरे. नसता तर? ज्यांना राजापर्यंत पोहोचता आले नाही, अशांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत आणि ती कधी ठाऊक होणारही नाहीत. इतिहासात यशस्वी अपील तेवढे टिकते.

निवड झाल्यावरही एक दुसरी निवड उरतेच, ती पैशाची. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून खाशाबांसाठी सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत कोल्हापुरात आजही आदराने सांगितली जाते. आपण ती गुरुप्रेमाची गोष्ट म्हणून ऐकतो. मला ती नेहमी एका रिकाम्या सरकारी रकान्याची गोष्ट वाटत आली आहे.

पतियाळाचे नाव पुण्याच्या आणखी एका खेळाडूच्या चरित्रात येते. यादवींद्रसिंहांचे वडील भूपिंदरसिंह हे १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार होते, आणि त्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेणारा गोलंदाज होता पळवणकर बाळू. चर्मकार समाजातील बाळूंनी पुण्यात युरोपियनांच्या क्लबावर खेळपट्टीची कामे करता करता गोलंदाजी कमावली. हिंदू संघाला युरोपियनांशी सामना जिंकायचा होता म्हणून त्यांना संघात घेतले गेले. मैदानात चेंडू त्यांच्या हाती दिला जाई आणि चहाच्या वेळी मातीच्या वेगळ्या कपात चहा. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच रीतसर दिले गेले नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. इथे कोणी राजा मदतीला आला नव्हता. निवड समितीच्या बंद खोलीतील गोष्ट वर्तमानपत्रात आली, आणि मग समितीला लाज वाटली किंवा भीती वाटली. यांपैकी काय, ते तुम्ही ठरवा.

मग प्रत्येक वेळी फेरचाचणी हाच उपाय का? तसेही नाही. २०१६ चे प्रकरण पुष्कळांना आठवत असेल. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवने २०१५ च्या लास व्हेगास जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून ७४ किलो गटात भारतासाठी ऑलिंपिक कोटा आणला. (महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा ज्या मामासाहेब मोहोळांच्या नावाने दिली जाते, ते आमच्या मुळशीचे, एवढा अभिमान मिरवू द्या.) दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी सुशीलकुमार याने चाचणीची मागणी केली. कोटा देशाचा असतो, खेळाडूचा नव्हे, हा त्याचा मुद्दा नियमाला धरून होता. परंतु ज्याने कोटा आणला तोच जाईल, ही कुस्ती महासंघाची आजवरची रीत होती, आणि ६ जून २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सुशीलची याचिका फेटाळली. पुढे नरसिंग उत्तेजक चाचणीत अडकला आणि रिओत त्याला खेळता आले नाही, पण तो निराळा धागा.

खाशाबांच्या बाबतीत फेरकुस्ती न्याय्य वाटते आणि नरसिंगच्या बाबतीत तीच मागणी अन्यायाची वाटते. हा आपला प्रादेशिक अभिमान आहे का? थोडा असेलच, मी नाकारत नाही. पण फरक खरा आहे. खाशाबांच्या वेळी प्रश्न झालेल्या कुस्तीच्या गुणांचा होता. नरसिंगच्या वेळी शर्यत संपल्यावर अंतिम रेषा हलवण्याचा होता. ती रीत आधीच नियम म्हणून कागदावर असती तर न्यायालयापर्यंत जाण्याची गरजच पडली नसती.

हा रोग केवळ आपला नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या अंतिम टप्प्यासाठी संघ निवडायला तेरा जणांची समिती असते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेरापैकी तेरा सामने जिंकूनही पहिल्या चारांत घेतला गेला नाही. एक सामना हरलेला अलाबामा घेतला गेला. कारण दिले गेले ते असे की फ्लोरिडाचा मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याने संघ पूर्वीसारखा राहिला नाही. म्हणजे झालेल्या विजयांपेक्षा होऊ शकणाऱ्या पराभवाला अधिक वजन. मला हे तर्कट वाटते. तरी त्या समितीची नावे जाहीर होती, क्रमवारी दर आठवड्याला प्रसिद्ध होत होती, आणि अध्यक्षाला लोकांसमोर येऊन कारण सांगावे लागले. लोक संतापले, पण कशावर संतापायचे हे त्यांना नेमके ठाऊक होते. पुढच्या वर्षी चारांचे बारा संघ झाले.

समित्या नकोत, सारे आकड्यांवर सोपवा, असे म्हणणारे मित्र मला पटत नाहीत. कबड्डीत चढाईचे गुण मोजता येतात. साखळीत कोपरा सांभाळणाऱ्याची समज मोजता येत नाही. पाहणारी नजर लागतेच. मात्र त्या नजरेचा मालक कोण, त्याने काय पाहिले, आणि हरकत घ्यायची तर किती दिवसांत व कोणाकडे, हे कागदावर असायला खर्च येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक मंजूर केले, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. पण पौडच्या पोराने गुणपत्रिका मागण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे, अशी कोणाची अपेक्षा असेल तर आपण पतियाळाच्या दरबारापासून फार पुढे आलेलो नाही.

मामेभाऊ यंदाही चाचणीला जाणार आहे. या खेपेस त्याने अर्जासोबत एक वेगळा कागद जोडला आहे: निवड कोण करणार आहे आणि गुण पाहायला मिळतील का, एवढे दोनच प्रश्न. पोच मिळाली आहे. उत्तर आले की याच धाग्याखाली लिहीन.