वायपर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी किंमत सांगू नका

ऑटो ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं ठरवलेले बरेच जण मला पहिला प्रश्न एकच विचारतात, "सर, मार्जिन कशात जास्त?" मग सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, एलईडी लाइट यांची चर्चा होते. वायपर ब्लेडचं नाव कुणी काढत नाही. माझं मत विचाराल तर नवीन दुकानदाराची खरी परीक्षा याच वस्तूत आहे. सीट कव्हर थोडं ढिलं बसलं तर माणूस चालवून घेतो. वायपर चुकीचा दिलात तर पहिल्या सरीलाच कळतं, आणि तेव्हा तो घाटात असतो.

काउंटरवर काय होतं बघा. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, वायपर द्या." आपला पोरगा लगेच विचारतो, "साधा देऊ की फ्रेमलेस? साधा इतक्याला, फ्रेमलेस तितक्याला." इथेच सौदा बिघडला. त्या माणसाला यातलं काही माहीत नाही, म्हणून तो फक्त आकडा बघून निवडणार. काही जण स्वस्त घेतील, काही जण महाग म्हणजे चांगलं समजून महाग घेतील. त्याच्या गाडीला काय लागतं हे दोघांनाही कळलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही नाही.

म्हणून काउंटर सोडून आधी गाडीपाशी जा. साइज बघा. वायपर इंचात मिळतो आणि बहुतेक गाड्यांत दोन बाजूंची लांबी वेगळी असते, म्हणजे ड्रायव्हरकडे 24 आणि दुसरीकडे 16, असं काहीतरी. कंपनीच्या चार्टमध्ये मॉडेल आणि वर्ष बघा आणि टेपही लावा. नुसती जुनी ब्लेड मोजून तीच साइज दिली तर फसाल, कारण आधीच्या दुकानदाराने शिल्लक होती ती मारलेली असू शकते. मापापेक्षा लांब ब्लेड दिली तर दोन्ही एकमेकींना अडकतात किंवा टोक काचेच्या कडेच्या बीडिंगवर आपटतं. इंचभर आखूड असेल तर काचेचा थोडा भाग पुसायचा राहतो, पण गाडी चालते. अडचणीच्या वेळी आखूड एकवेळ चालेल, लांब अजिबात नाही.

मग हूक. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना छत्रीच्या मुठीसारखा वाकडा यू हूक असतो. काही नव्या आणि महागड्या गाड्यांना पिनचा किंवा बटणाचा प्रकार असतो. बॉक्समध्ये अडॅप्टर दिलेले असतात, त्यातला बरोबर कोणता हे तुमच्या पोराला पाठ पाहिजे. बसताना 'कट्' असा आवाज आला नाही तर ती ब्लेड बसलेली नाही.

साधा की फ्रेमलेस हा प्रश्न इथपर्यंत आल्यावरच विचारायचा. साध्या वायपरला सांगाडा असतो आणि तो रबराला चार-सहा ठिकाणी दाबून धरतो. फ्रेमलेसच्या आत स्प्रिंग स्टीलची वाकवलेली पट्टी असते, ती सगळ्या लांबीवर दाब देते. रोज एक्स्प्रेस वेवर जाणाऱ्याला फ्रेमलेस द्या, कारण वेगात वाऱ्याने तो कमी उचलला जातो. पण त्याची वळणदार पट्टी काचेच्या वळणाशी जुळली नाही तर टोकं अधांतरी राहतात आणि महाग वायपर पाण्याच्या रेघा सोडतो. सपाट काचेची जुनी गाडी गावातल्या गावात फिरत असेल तर साधा चांगला वायपर पुरतो, त्याच्यावर वरचे दोनशे रुपये काढू नका. सिलिकॉनचं रबर जास्त टिकतं हे खरं. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ते जरूर सुचवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला कशाला?

आता जे सांगतो ते काही जणांना पटणार नाही. कधी कधी वायपर विकूच नका. "काच नीट पुसत नाही" ही तक्रार आली की आधी काच धुवा आणि ओल्या फडक्याने रबराची कड पुसा. काचेवर पॉलिशचा किंवा धुराचा तेलकट थर बसलेला असतो, नवी ब्लेड घातली तरी ती थरथरणारच. धुतल्यावर फरक पडला तर गिऱ्हाइकाला तसंच सांगा आणि जाऊ द्या. रबर कडक झालंय, चिरलंय, कडेला फाटलंय, तेव्हा बदला.

बीबीएला आम्हाला अपसेलिंग शिकवलं, ते मीही शिकवतो. पण हिशोब मांडा. समजा एका ब्लेडमागे तुम्हाला 120 रुपये सुटतात. आज गरज नसताना जोडी गळ्यात मारली तर 240 मिळाले. तोच माणूस वर्षभरात मॅट, बल्ब, हॉर्न, बॅटरी घेणार आहे. तो दुसरीकडे गेला तर किती गेले? आणि पैशापलीकडचा एक हिशोब आहे. ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. समोरून ट्रकचा लाइट, काचेवर पाण्याचा पडदा आणि एक सेकंद काही दिसत नाही. आपण काय विकतोय याचं भान ठेवा.

स्टॉकचं थोडक्यात सांगतो. मान्सून केरळात साधारण 1 जूनला येतो, आपल्याकडे त्यानंतर थोड्या दिवसांत. माल मेच्या मध्यात भरा, पण स्कीम आहे म्हणून दोन वर्षांचा भरू नका, रबर डब्यातही म्हातारं होतं. तुमच्या तालुक्याच्या बाजारात तासभर उभे राहून गाड्या मोजा, कोणत्या चार-पाच साइज जास्त लागतील ते कळेल. त्या भरपूर ठेवा, बाकीच्या एक-दोन. मागच्या काचेच्या वायपरची फिटिंग मॉडेलप्रमाणे बदलते, तो मागणी आल्यावरच मागवा. न खपलेली साइज बदलून मिळेल का, हे डिस्ट्रिब्युटरला ऑर्डर देण्याआधी विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. आणि कृपा करून वायपर दुकानाबाहेर उन्हात तोरणासारखे लटकवू नका! विकायच्या आधीच रबर कडक करायचं आणि मग गिऱ्हाइकाशी वाद घालायचा, हा कुठला धंदा?

फिटिंग तुम्हीच करा, फुकट करा. ब्लेड काढली की उघडा आर्म स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटू शकतो आणि काच तडकली तर काही हजारांना पडेल. म्हणून खाली घडी केलेलं जाड फडकं आधी ठेवायचं, मग हात लावायचा. काही गाड्यांत आर्म बॉनेटखाली दबलेला असतो, तो जबरदस्तीने उचलू नका, आधी सर्व्हिस पोझिशनमध्ये आणा. बसवून झालं की काचेवर मगभर पाणी ओता, गिऱ्हाइकाला ड्रायव्हर सीटवर बसवा आणि वायपर त्यालाच चालू करू द्या. तो "ठीक आहे" म्हणाला की बिल करा.